मायक्रोवेव्ह इमेजिंगची प्रतिमा सुधारायची कशी: मोजमापापासून पुनर्रचनेपर्यंत

आमच्या फँटमच्या (ऊतींसारखे गुणधर्म असलेल्या नकली वस्तूच्या) प्रतिमेत डाव्या कडेला एक ठिपका यायचा. फँटममध्ये त्या जागी काहीच नव्हतं. रेग्युलरायझेशन (उत्तर भरकटू नये म्हणून अल्गोरिदमला घातलेला लगाम) वाढवलं की ठिपका फिकट व्हायचा, कमी केलं की गडद, पण जागचा हलायचा नाही. तीन आठवडे मी अल्गोरिदममध्येच डोकं घालून बसलो. शेवटी फँटम ९० अंशांत फिरवून पुन्हा मोजमाप घेतलं. आत ठेवलेल्या गाठीची प्रतिमा फिरली, ठिपका मात्र होता तिथेच राहिला. सात नंबरच्या अँटेनाचा कनेक्टर किंचित सैल होता.

तेव्हापासून मी एक क्रम सोडत नाही: आधी मोजमाप, मग कॅलिब्रेशन, मग मॉडेल आणि अगदी शेवटी अल्गोरिदम. हा लेखही त्याच क्रमाने जातो. प्रयोगशाळेत यंत्रणा उभी करणारे विद्यार्थी आणि इंजिनिअर डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. मायक्रोवेव्हची ही तपासणी वेदनेशिवाय, क्ष-किरणांशिवाय, पुन्हा पुन्हा करता येते, म्हणून ती प्रत्यक्षात उतरावी असं मला मनापासून वाटतं. पण खोटा ठिपका दाखवणारी प्रतिमा रुग्णाला विनाकारण सुईखाली नेते, आणि खरी गाठ न दाखवणारी प्रतिमा त्याहून वाईट.

नेमकं काय सोडवायचं आहे

शरीराभोवती अँटेना लावायचे, एकातून लहर सोडायची, बाकीच्यांनी ऐकायचं. आतल्या ऊतींमुळे लहर कशी विखुरली त्यावरून प्रत्येक बिंदूची परमिटिव्हिटी (ऊती विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देते) आणि कंडक्टिव्हिटी (ती वीज किती वाहू देते) काढायची. पाणी जास्त असलेल्या ऊतींची परमिटिव्हिटी जास्त, चरबीची कमी. २.४५ गिगाहर्ट्झला स्नायूची सापेक्ष परमिटिव्हिटी ५२ ते ५३, चरबीची साधारण ५. गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली मॉडेलं आजही या आकड्यांचा पाया आहेत.

आता हिशेब करू. १४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ २ मिलिमीटरच्या चौकोनांत कापलं तर सुमारे ३,८०० चौकोन होतात. प्रत्येकात दोन अज्ञात संख्या, म्हणजे ७,६००. समोर काय आहे? १६ अँटेना, त्यांच्या १२० वेगळ्या जोड्या, प्रत्येकीचे अँप्लिट्यूड (लहरीची उंची) आणि फेज (लहर कोणत्या टप्प्यावर आहे) मिळून एका फ्रीक्वेन्सीला २४० संख्या. बरं, अँटेना दुप्पट करून माहिती दुप्पट होते असंही नाही. ठरावीक त्रिज्येच्या वस्तूतून बाहेर येणारी स्वतंत्र माहिती मर्यादित असते. द्विमितीत ती मर्यादा ढोबळमानाने तरंगसंख्या (२π भागिले तरंगलांबी) गुणिले व्यास इतकी. १ गिगाहर्ट्झला, वस्तूभोवतीच्या टाकीतल्या परमिटिव्हिटी २० असलेल्या द्रवात, ७ सेंटिमीटर त्रिज्येसाठी हा आकडा १३ च्या आसपास येतो. म्हणजे तिथे १६ अँटेना पुरेसे. त्यापुढे पैसा आणि वेळ घालायचा तर तो प्रत्येक मोजमापाच्या शुद्धतेत घाला.

शिवाय समस्या सरळ रेषेतली नाही. आतलं विद्युतक्षेत्र स्वतःच त्या अज्ञात ऊतींवर अवलंबून असतं. हे सगळं सतत लक्षात ठेवावं लागतं, कारण अज्ञात इतके जास्त असताना सोल्व्हर (मोजमापावरून प्रतिमा काढणारा प्रोग्राम) मोजमापातली कोणतीही चूक एखाद्या ठिपक्यात रूपांतरित करून दाखवू शकतो.

पायरी १: मोजमाप

नेटवर्क अ‍ॅनालायझर (सिग्नल सोडून मिळालेला सिग्नल मोजणारं यंत्र) सुरू केल्या केल्या मोजमाप घेऊ नका. यंत्र आणि टाकीतला द्रव, दोघांचं तापमान स्थिर होऊ द्या. नुसत्या पाण्याची परमिटिव्हिटी २० अंश सेल्सिअसला ८०.१ असते, २५ अंशांना ७८.४. सकाळी कॅलिब्रेशन आणि दुपारी रुग्ण अशी सवय असेल, तर हा फरक थेट प्रतिमेत उतरतो. टाकीत थर्मामीटर कायमचा लावा आणि तापमान डेटासोबतच साठवा.

लहर ऊतीतून जाताना फार क्षीण होते. २.४५ गिगाहर्ट्झला स्नायूत दर सेंटिमीटरला जवळपास ४ डेसिबेल जातात. समोरच्या अँटेनाला पोहोचणारा सिग्नल नॉइजच्या किती वर आहे, हे प्रत्येक जोडीसाठी बघा. अ‍ॅनालायझरची आयएफ बँडविड्थ (यंत्र एका वेळी किती रुंद पट्टा ऐकतं ते) १ किलोहर्ट्झवरून १० हर्ट्झवर आणली की नॉइज २० डेसिबेलनी खाली जातो, पण वेळ सुमारे १०० पट लागतो. माणूस तेवढा वेळ स्थिर राहणार नाही. म्हणून सगळ्यांना एकच सेटिंग न ठेवता फक्त समोरासमोरच्या क्षीण जोड्यांसाठी बँडविड्थ कमी करा. शेजारच्या जोड्यांना त्याची गरज नसते.

फ्रीक्वेन्सी निवडताना खोली आणि बारकावा यांचा मेळ घालावा लागतो. स्तनासाठी साधारण १ ते १० गिगाहर्ट्झमधला पट्टा वापरतात, डोक्यासाठी त्याहून खालचा, कारण कवटी आणि मेंदू लहर फार लवकर गिळतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या गटाने २००० साली स्तनासाठीची पहिली क्लिनिकल यंत्रणा मांडली, ती १६ मोनोपोल अँटेनांची आणि ३०० ते १००० मेगाहर्ट्झची होती.

यानंतरच्या तीन चाचण्या मी कधीच टाळत नाही. पहिली, रिकाम्या (म्हणजे द्रव आहे पण वस्तू नाही अशा) टाकीचं मोजमाप घ्या, तासाभराने पुन्हा घ्या आणि वजाबाकी करा. जे उरतं ते तुमचं ड्रिफ्ट. गाठीमुळे होणारा बदल त्याहून लहान असेल तर पुढचे सगळे कष्ट वाया. दुसरी, तीनकडून अकराकडे आणि अकराकडून तीनकडे घेतलेलं मोजमाप सारखंच यायला हवं. माध्यमाचा तो गुणधर्मच आहे. फरक आला तर दोष स्विच, केबल किंवा कनेक्टरमध्ये. तिसरी म्हणजे वर सांगितलेली, फँटम फिरवून बघण्याची. जे फँटमसोबत फिरत नाही ते फँटममध्ये नाही.

अँटेनाच्या जागेबद्दल हळवं असायला हवं. १.५ गिगाहर्ट्झला, परमिटिव्हिटी २० असलेल्या द्रवात तरंगलांबी ४.५ सेंटिमीटर असते, म्हणजे अँटेना १ मिलिमीटर सरकला की फेज ८ अंशांनी चुकते. ड्रॉइंगमधला आकडा आणि प्रत्यक्ष जागा यांत मिलिमीटरभर फरक सहज असतो. टाकी भरल्यावर जागा मोजून घ्या आणि मोजलेलीच जागा मॉडेलमध्ये घाला.

पायरी २: द्रव आणि कॅलिब्रेशन

हवेतून शरीरात जाताना लहरीचा मोठा भाग त्वचेवरूनच परततो. म्हणून मध्ये ऊतींच्या जवळच्या परमिटिव्हिटीचा द्रव भरतात. ग्लिसरीन आणि पाण्याचं मिश्रण सोपं, सुरक्षित आणि प्रमाण बदलून जुळवता येण्यासारखं आहे. त्यात लहर थोडी शोषली जाते, आणि इथे नवीन माणूस गोंधळतो: शोषण वाईट नाही का? थोडं शोषण फायद्याचं असतं. टाकीच्या भिंतीवरून परतणाऱ्या आणि अँटेनाच्या दांड्यांवरून सरपटत येणाऱ्या लहरी त्यात मरतात, आणि तुमचं मॉडेल, ज्यात बहुधा भिंती नसतातच, वास्तवाच्या जवळ येतं. मात्र सिग्नल नॉइजमध्ये बुडेपर्यंत शोषण वाढवू नका.

कॅलिब्रेशनचा हेतू एकच. यंत्र एस-पॅरामीटर (मिळालेल्या आणि सोडलेल्या सिग्नलचं गुणोत्तर) मोजतं, सोल्व्हरला विद्युतक्षेत्र कळतं. दोघांना एका भाषेत आणायचं. साधा उपाय असा: रिकाम्या टाकीचं सिम्युलेशन भागिले रिकाम्या टाकीचं मोजमाप हे गुणोत्तर प्रत्येक जोडीसाठी काढा आणि वस्तू असतानाच्या मोजमापाला त्याने गुणा. हे काम भागवतं, पण समोरासमोरच्या जोड्यांत ठीक बसलं तरी शेजारच्या जोड्यांत कधी कधी घसरतं, कारण शेजारच्या अँटेनांमधला थेट संबंध मॉडेलमध्ये पुरता नसतो. म्हणून दुसरी पायरी जोडा. आकार आणि परमिटिव्हिटी माहीत असलेला, किंवा सरळ धातूचा, दंडगोल मध्यभागी ठेवा आणि विखुरलेल्या क्षेत्राचं गुणोत्तर त्यावरून काढा. मग तोच दंडगोल मध्यापासून ३ सेंटिमीटर सरकवून मोजा आणि मध्यभागी काढलेलं कॅलिब्रेशन लावून सिम्युलेशनशी ताडून पाहा. जुळलं तर पुढे जा.

पायरी ३: मॉडेल

जाळीचा चौकोन सर्वांत दाट ऊतीतल्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतका तरी बारीक हवा. परमिटिव्हिटी ५० असलेल्या ग्रंथीत १.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.८ सेंटिमीटर, म्हणजे चौकोन ३ मिलिमीटरच्या आत.

खरी अडचण द्विमितीची. शरीर त्रिमितीय, अँटेनाची लहर वर-खाली पसरते, आणि आपण मॉडेल कापाचं करतो. वेग हवा म्हणून द्विमिती वापरायची असेल तर वापरा, पण एकदा तरी त्रिमितीय सिम्युलेशनचा डेटा द्विमितीय सोल्व्हरला देऊन बघा. प्रतिमेत येणारी विकृती ही मोजमापाची नव्हे, मॉडेलची आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. त्रिमितीय सिम्युलेशनसाठी जीपीआरमॅक्स, मीप, ओपनईएमएस यांसारखी मुक्त साधनं आहेत.

आणखी एक सापळा. सिम्युलेशनचा डेटा ज्या सोल्व्हरने, ज्या जाळीवर बनवला त्याच सोल्व्हरने, त्याच जाळीवर पुनर्रचना केली की प्रतिमा अप्रतिम येते. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन्हीकडच्या चुका सारख्याच असल्याने एकमेकींना खाऊन टाकतात. डेटासाठी वेगळी, बारीक जाळी वापरा आणि वर नॉइज घाला.

पायरी ४: रडार पद्धत घेतली असेल तर

फक्त ‘कुठे काहीतरी आहे’ एवढंच हवं असेल तर रडार पद्धत जलद. प्रत्येक बिंदूसाठी लहरीला लागणारा वेळ काढायचा, सगळे सिग्नल तेवढे मागे सरकवायचे आणि बेरीज करायची. खरा विखुरणारा बिंदू असेल तिथे सिग्नल एकमेकांवर चढतात. बेरजेआधी जोडीजोडीने गुणाकार केला तर पार्श्वभूमीचा कचरा बराच कमी होतो.

दोन गोष्टी निर्णायक ठरतात. त्वचेचं परावर्तन गाठीपेक्षा कितीतरी मोठं असतं, ते आधी काढावं लागतं. सगळ्या चॅनेलची सरासरी वजा करणं सोपं आहे, पण त्वचा सर्वत्र सारख्या जाडीची आणि सारख्या अंतरावर आहे असं ते गृहीत धरतं. अँटेनांची चौकट थोडी फिरवून दोन मोजमापांची वजाबाकी करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. फक्त फिरण्याच्या अक्षावरची गाठ त्यात पुसली जाते हे विसरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. सरासरी परमिटिव्हिटी ५ टक्क्यांनी चुकली तर वेळ अडीच टक्क्यांनी चुकतो. १० सेंटिमीटरच्या वाटेवर तो फरक अडीच मिलिमीटरचा. ही चूक प्रत्येक अँटेनासाठी वेगळ्या दिशेने पडते आणि ठिपका फाटतो. एकच आकडा गृहीत न धरता वेगवेगळ्या परमिटिव्हिटीने प्रतिमा काढा आणि सर्वांत रेखीव येईल ती निवडा. आयर्लंडमधल्या गॅलवेच्या गटाचं ‘मेरिट’ हे मुक्त टूलबॉक्स या प्रयोगांसाठी चांगलं आहे.

पायरी ५: टोमोग्राफी

ऊतींचे प्रत्यक्ष आकडे हवे असतील तर ही वाट. च्यू आणि वांग यांनी १९९० मध्ये मांडलेली डिस्टॉर्टेड बॉर्न पद्धत आणि गॉस-न्यूटन या सख्ख्या बहिणी आहेत: अंदाज घ्या, त्यावर सिम्युलेशन करा, मोजमापाशी फरक बघा, त्या फरकातून अंदाज सुधारा. फान डेन बर्ग आणि क्लाइनमन यांची १९९७ ची कॉन्ट्रास्ट सोर्स पद्धत दर फेरीला पूर्ण सिम्युलेशन टाळते, म्हणून फेऱ्या स्वस्त पडतात, पण त्या जास्त लागतात. सुरुवातीला गॉस-न्यूटन घ्या. चुकलं तर कुठे चुकलं ते त्यात लवकर समजतं.

सुरुवात खालच्या फ्रीक्वेन्सीने करा. याचं कारण आकड्यांत बघू. समजा तुमचा अंदाज परमिटिव्हिटी २० चा आणि वास्तव १६. १४ सेंटिमीटर पार करताना फेजचा फरक १ गिगाहर्ट्झला सुमारे ८० अंश, ३ गिगाहर्ट्झला जवळपास २४० अंश. १८० ओलांडलं की ‘पुढे आहे की मागे’ हेच सोल्व्हरला कळत नाही. तो चुकीच्या दरीत उतरतो आणि तिथेच समाधान मानतो. म्हणून १ गिगाहर्ट्झची ओबडधोबड प्रतिमा ही पुढच्या फ्रीक्वेन्सीची सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने वर जा.

फरक कोणत्या रूपात मोजता, यानेही प्रतिमा बदलते, आणि इथे थोडं थांबतो. शेजारच्या अँटेनाचा सिग्नल समोरच्यापेक्षा ५०-६० डेसिबेलनी मोठा असू शकतो. साध्या वजाबाकीचे वर्ग बेरजेला घेतले तर मोठे सिग्नल सगळी बेरीज व्यापतात आणि सोल्व्हर त्यांचंच ऐकतो. पण शरीराच्या मधोमध काय आहे हे सांगणारी लहर समोरच्या अँटेनाकडे जाते! तिचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. डार्टमथच्या गटाने यासाठी अँप्लिट्यूडचा लॉगरिदम आणि फेज वेगवेगळे घेण्याची पद्धत रुळवली. वस्तू असताना आणि नसताना किती डेसिबेल बदलले, किती अंश बदलले, एवढंच बघायचं. मग लहानमोठ्या सगळ्या जोड्या एका पंगतीत बसतात. फेज मात्र ३६० अंशांच्या उड्या काढून सलग करून घ्यावी लागते. ते खालच्या फ्रीक्वेन्सीपासून वर चढत करा आणि पावलं लहान ठेवा. लागोपाठच्या दोन फ्रीक्वेन्सींमध्ये १८० अंशांपेक्षा जास्त बदल झाला तर उडी खरी की खोटी हे ठरवता येत नाही. ज्या जोड्या नॉइजच्या पातळीला टेकल्या आहेत त्या या रूपात निर्दयपणे वगळा, कारण लॉगरिदम घेतल्यावर नॉइजलाही तितकाच मान मिळतो.

परमिटिव्हिटी आणि कंडक्टिव्हिटी एका मापाने तोलू नका. १ गिगाहर्ट्झला १ सीमेन्स प्रति मीटर म्हणजे काल्पनिक परमिटिव्हिटीचे १८ एकक. कच्च्या आकड्यांवर एकच रेग्युलरायझेशन लावलं तर एक प्रतिमा गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत येते. दोन्ही आपापल्या अपेक्षित पल्ल्याने भागून घ्या. अनेक फ्रीक्वेन्सी एकत्र सोडवत असाल तर प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळे अज्ञात न धरता डिबाय मॉडेलचे (फ्रीक्वेन्सीनुसार ऊतीचे गुणधर्म कसे बदलतात ते सांगणाऱ्या सूत्राचे) पॅरामीटर शोधा.

रेग्युलरायझेशनचं वजन डोळ्यांना आवडेल तसं ठरवू नका. रिकाम्या टाकीच्या पुनरावृत्तीतून नॉइज किती ते तुम्हाला माहीत आहे; उरलेला फरक त्या पातळीला आला की थांबा. त्याखाली जाणारा सोल्व्हर नॉइजची प्रतिमा काढत असतो. रेग्युलरायझेशनच्या दोन नेहमीच्या प्रकारांपैकी टिखोनोव्ह कडा विरघळवतो, टोटल व्हेरिएशन कडा राखतो पण हळूहळू बदलणाऱ्या ऊतींचे तुकडे पाडतो. मी आधी टिखोनोव्हने स्थिर उत्तर मिळवतो आणि शेवटच्या काही फेऱ्या टोटल व्हेरिएशनने करतो.

आणि दर फेरीनंतर उरलेल्या फरकाचा १६ गुणिले १६ चा तक्ता रंगात काढून बघा. एकूण आकडा बघून काहीच कळत नाही. फरक सगळीकडे विखुरलेला असेल तर तो नॉइज. कर्णाच्या शेजारी गोळा झाला असेल तर शेजारच्या अँटेनांचं कॅलिब्रेशन कच्चं. एकच आडवी ओळ आणि तोच उभा स्तंभ पेटलेला असेल तर तो अँटेना बघा. माझा सात नंबर या तक्त्यात पहिल्या दिवसापासून पेटलेला होता. मी तक्ताच काढला नव्हता.

आधीपासून माहीत असलेलं वापरा

त्वचेचा बाह्य आकार लेझरने किंवा कॅमेऱ्याने मोजता येतो. तो मॉडेलमध्ये घातला की कडेचे अज्ञात कमी होतात आणि आतली प्रतिमा लगेच उजळते. एमआरआय उपलब्ध असेल तर चरबी आणि ग्रंथीची सीमा मऊ सूचना म्हणून द्या, सक्ती म्हणून नको. सक्ती केली की एमआरआयमध्ये नसलेलं काहीच पुन्हा दिसत नाही.

डीप लर्निंगबद्दल

कच्च्या मोजमापावरून थेट प्रतिमा काढायला नेटवर्कला शिकवण्यापेक्षा आधी साध्या पद्धतीने ढोबळ प्रतिमा काढा आणि ती सुधारायला यू-नेट (प्रतिमेवरून प्रतिमा काढणारं न्यूरल नेटवर्क) द्या. भौतिकशास्त्र आपल्याला माहीत असताना ते डेटावरून पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे एमआरआयवर आधारित संख्यात्मक स्तन-फँटम आणि मॅनिटोबा विद्यापीठाचा मोजलेल्या स्तन-फँटमचा डेटा खुला आहे. मार्सेयच्या फ्रेनेल संस्थेचा डेटा वैद्यकीय नाही, पण सोल्व्हर तपासायला उत्तम. प्रशिक्षण आणि चाचणी वेगळी करताना काप वेगळे करू नका, फँटम वेगळे करा. एकाच स्तनाचे शेजारचे काप दोन्हीकडे गेले तर निकाल फसवा येतो.

नेटवर्कने दिलेली प्रतिमा सुंदर असते, हीच भीती. म्हणून ती परत सोल्व्हरमध्ये घाला, तिच्यातून यायला हवं ते मोजमाप काढा आणि खऱ्या मोजमापाशी ताडा. जुळत नसेल तर ती गाठ नेटवर्कच्या आठवणीतली आहे, रुग्णाच्या शरीरातली नाही.

तपासणी

विस्कॉन्सिन आणि कॅलगरीच्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की चरबीच्या तुलनेत कर्करोगाच्या ऊतीचा फरक प्रचंड असतो, पण निरोगी ग्रंथीच्या तुलनेत तो साधारण १० टक्केच. तुमच्या फँटममध्ये गाठ चरबीतच बसवलेली असेल तर तुम्ही सोपी परीक्षा दिली आहे. गाठ ग्रंथीच्या आत ठेवा, आकार ओबडधोबड करा.

जागेची चूक मिलिमीटरमध्ये लिहा, गाठीचा उजेड आणि बाकी प्रतिमेतला सर्वांत मोठा उजेड यांचं गुणोत्तर लिहा, परमिटिव्हिटीची सापेक्ष चूक लिहा. आणि प्रत्येक मालिकेत गाठ नसलेला फँटम ठेवा. कोणता कुठला हे पुनर्रचना करणाऱ्याला सांगू नका. दुसऱ्या सहकाऱ्याने टाकीत ठेवावा, त्याने त्याच्या वहीत नोंद करावी, आणि प्रतिमा, वजनं, थांबण्याची फेरी हे सगळं लिहून झाल्यावरच ती वही उघडावी.